लॅपलँडची सहल आणि सामी लोक : कुणी तिकडे राहतं का?

मृणाल (पुणे)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आम्ही फिनलंडला जातोय. मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतली लेक. टूरवाल्यांनी पाठवलेल्या कार्यक्रमात रोवानिएमीचं सांताक्लॉजचं गाव आहे, हस्की कुत्र्यांची गाडी आहे, काचेच्या इग्लूत एक रात्र आहे आणि एका दुपारपुढे नुसतं लिहिलंय, ‘लॅपलँडच्या आदिवासींची भेट’. ती ओळ वाचून लेकीने ॲटलास काढला आणि मला भंडावून सोडलं. हे सामी लोक नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया अशा चार देशांत राहतात, मग ते नक्की कुठले? पासपोर्ट कुठला? रेनडिअर घेऊन सीमा ओलांडता येते का? मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही.

चार देशांतल्या सामींचं एकमेकांशी काही नातं उरलंय का? त्यांना काही हक्क आहेत का? आणि आपण पाहुणे म्हणून जातोय तर काय बघावं, काय टाळावं? विकिपीडिया वाचून झालाय. तिकडे राहणाऱ्या कुणाकडून ऐकायला मिळालं तर फार बरं होईल.

समीर (ठाणे)

आम्ही रोवानिएमीला जाऊन आलो. सांताचं गाव मुलांना आवडतंच. तंबूत एका माणसाने निळा-लाल पोशाख घालून डफासारखं काहीतरी वाजवलं, आमच्या कपाळाला काजळी लावली आणि आर्क्टिक वृत्त ओलांडल्याचं प्रमाणपत्र दिलं. फोटो छान आले. तो माणूस सामी होता का, हे विचारायचं सुचलं नाही. आता तुमचा प्रश्न वाचून मलाही जाणून घ्यायचंय. किरुनाच्या अनघाताई इथे असतात, त्या सांगू शकतील.

अनघा (किरुना)

मृणालताई, तुमच्या लेकीने अगदी मुळाशी हात घातलाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मी स्वीडनच्या उत्तर टोकाला किरुनात राहते. नवरा इथल्या लोखंडाच्या खाणीत आहे आणि मी नगरपालिकेच्या वृद्धसेवेत. आमच्याकडच्या काही आजी-आजोबांची मायबोली उत्तरी सामी आहे. म्हातारपणची सेवा आपल्या भाषेत मागायचा त्यांना कायद्याने हक्क आहे, म्हणून सामी बोलणारं कुणीतरी पाळीत ठेवावं लागतं. पुढे लिहितेय त्यातलं बरंचसं या लोकांच्या तोंडून ऐकलेलं आहे, थोडं स्वतः पाहिलेलं.

आधी पासपोर्ट. सामी माणूस ज्या देशात राहतो त्या देशाचा नागरिक असतो. पण नॉर्वेच्या मध्यापासून रशियाच्या कोला द्वीपकल्पापर्यंतच्या सगळ्या मुलखाला ते सापमी म्हणतात आणि त्या मुलखाला १९८६ पासून एकच झेंडा आहे. ६ फेब्रुवारी हा त्यांचा राष्ट्रीय दिवस, चारही देशांत एकच. १९१७ साली त्या तारखेला ट्रॉन्डहाइममध्ये नॉर्वे-स्वीडन सीमेच्या दोन्ही बाजूंचे सामी पहिल्यांदा परिषदेसाठी जमले होते, आणि ती घडवून आणण्यात पुढे होती एल्सा लाउला रेनबर्ग ही बाई. एकूण लोकसंख्या ऐंशी हजार ते एक लाखाच्या घरात धरतात. निम्मे किंवा जास्तच नॉर्वेत, रशियात जेमतेम दोनेक हजार. रशिया सोडला तर जनगणनेत वेगळा रकाना नसल्यामुळे हे अंदाजच आहेत.

भाषा एक नाही, आज बोलल्या जाणाऱ्या नऊ आहेत. आमच्याकडची उत्तरी सामी सगळ्यांत मोठी. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड तिन्हीकडे बोलतात आणि १९७९ पासून तिन्हीकडे लिहितातही एकाच पद्धतीने. दक्षिणेकडच्या सामी माणसाला मात्र ती कळत नाही, ते दोघं एकमेकांशी स्वीडिश किंवा नॉर्वेजियन बोलतात. इनारी सामी आणि स्कोल्ट सामी बोलणारे तर प्रत्येकी तीनशेच्या आसपास उरलेत.

आता सीमा. यावर आमच्या आजी-आजोबांना बोलतं केलं की थांबत नाहीत. रेनडिअर हिवाळ्यात आतल्या जंगलात राहतात. तिथे बर्फ उकरून जमिनीवरचं लायकेन खातात (आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल ज्या जातीचं, त्याचंच हे भाऊबंद). वसंतात गाभण माद्या पश्चिमेला डोंगरांकडे निघतात. किरुनाकडच्या कळपांचा उन्हाळा पूर्वापार नॉर्वेच्या किनाऱ्याकडे जायचा. १७५१ साली डेन्मार्क-नॉर्वे आणि स्वीडन यांनी सीमा आखली तेव्हा कराराला एक पुरवणी जोडली : सामींनी दोन्ही देशांची जमीन पूर्वीप्रमाणे वापरावी, युद्ध चालू असलं तरी. इतकं समंजस कलम त्यानंतरच्या राजवटींनी लिहिलेलं मला तरी माहीत नाही. पुढे १८५२ मध्ये नॉर्वे आणि रशियाच्या ताब्यातलं फिनलंड यांच्यातली सीमा कळपांना बंद झाली, १८८९ मध्ये स्वीडन-फिनलंडची. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला आणि १९१९ च्या करारात नॉर्वेत येणाऱ्या स्वीडिश रेनडिअरांवर मर्यादा घातली. जनावरं जास्त आणि कुरण कमी, म्हणून स्वीडिश सरकारने उत्तरेतल्या कारेसुआन्डोकडच्या कुटुंबांना दक्षिणेला हलायला लावलं. आमच्याकडचे एक आजोबा त्यातल्याच एका कुटुंबातले. आईवडील जिथे जाऊन पडले तिथे आधीपासून दुसऱ्या बोलीचे, वेगळ्या रीतीने कळप राखणारे सामी होतेच. त्यांच्या कुरणात हे परके. दोन्ही घराण्यांत त्याची सल अजून आहे, आणि चूक दोघांपैकी एकाचीही नव्हती.

म्हणून लेकीच्या प्रश्नाचं उत्तर : हो, सीमा ओलांडता येते, पण भांडून. दोन देशांतला रेनडिअर करार २००५ मध्ये संपला, नवा अजून लागू झालेला नाही. आमच्याच नगरपालिकेतल्या सारिवुओमा या सामी गावाने (‘सामी गाव’ म्हणजे वस्ती नव्हे, ठरलेल्या मुलखात मिळून कळप राखणाऱ्यांची संघटना) नॉर्वेतल्या आपल्या जुन्या कुरणासाठी तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत दावा लढवला आणि २०२१ मध्ये तो जिंकला.

एक प्रसंग सांगते, म्हणजे हे लोक कशासाठी इतके झगडतात ते दिसेल. मुलीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरच्यांनी आम्हाला जुलैत वासरांना खूण करायला बोलावलं होतं. काम रात्री चालतं, कारण रात्री गारवा असतो आणि डास जरा कमी. सूर्य मावळत नाहीच. शेकडो जनावरं गोल कुंपणात एकाच दिशेने फिरत असतात. रेनडिअर चालताना त्याच्या पायातली शीर टक्‌ टक्‌ वाजते. शेकडो पायांचा तो आवाज, मधून माद्यांचं घोगरं हुंकारणं आणि त्यावर वासरांचं उत्तर. वासरू धरून आधी त्याच्या गळ्यात आकडा लिहिलेली पाटी बांधतात आणि सोडून देतात. मग सगळे दुर्बिणी घेऊन बसतात. कितव्या आकड्याचं वासरू कुठल्या मादीच्या मागे गेलं, ते वहीत टिपायचं. मादीच्या कानावरची खूण ज्याची, वासरू त्याचं. नंतर ते पुन्हा धरून धारदार सुरीने कानांच्या कडांना तशाच खाचा पाडतात आणि कापलेले तुकडे मोजदादीसाठी जपून ठेवतात. ती दहा वर्षांची मैत्रीण. तिच्या नावावर तिची स्वतःची खूण नोंदलेली आहे, स्वतःची जनावरं आहेत. तिची आजी धावत्या कळपाकडे बघून सांगत होती, ही अमक्याची, ती तमक्याची. मला तर कान दिसायच्या आत जनावर पुढे गेलेलं असायचं.

तिथे मी बोलून गेले ती एक चूक तुम्ही टाळा. कुणालाही ‘तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत’ असं विचारू नका. आपल्याकडे पाहुण्याने बँकेत किती शिल्लक आहे विचारावं, तसं ते होतं.

मात्र सामी म्हणजे रेनडिअरवाले एवढंच डोक्यात ठेवून येऊ नका. दहातला जेमतेम एक जण या धंद्यात आहे. बाकीचे मासेमार, शिक्षक, वकील, ट्रकचालक. माझ्या पाळीतली नर्स सामी आहे, नवऱ्याच्या खाणीतही सामी आहेत. ‘खरा सामी तोच जो कळपामागे फिरतो’ ही समजूत सरकारनेच कायद्यातून पक्की केली. स्वीडनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळपवाल्यांच्या मुलांसाठी वेगळ्या भटक्या शाळा काढल्या. ही मुलं फार शिकली तर डोंगर सोडतील, ही त्यामागची भीती. बाकीच्या सामींच्या मुलांना सरळ स्वीडिश शाळेत घातलं, तिथे भाषा गेली. नॉर्वेत तर १९०२ च्या कायद्याने उत्तर टोकाच्या फिनमार्कमधली सरकारी जमीन नॉर्वेजियन बोलणाऱ्यालाच विकायची ठरली. आमच्या एक आजी सातव्या वर्षी घरापासून लांब शाळेत गेल्या. आता त्यांना स्मृतिभ्रंश आहे, स्वीडिश जवळपास विसरल्यात. सामी बोलणारी मुलगी पाळीवर असली की जेवतात, नसली की तोंड फिरवतात. माझ्या चार मोडक्या शब्दांवरही हात धरतात.

राहिला तुमच्या दुपारच्या कार्यक्रमाचा मुद्दा. रोवानिएमी हे फिनलंडमधल्या सामींच्या घोषित मुलखात येतच नाही. तो मुलूख त्याच्या उत्तरेला : उत्स्योकी, इनारी, एनोन्तेकिओ आणि सोदान्क्युलाचा उत्तर भाग. हस्कींच्या गाड्या आणि इग्लू यांचा सामी संस्कृतीशी काही संबंध नाही. रेनडिअरसुद्धा फिनलंडमध्ये कुणीही स्थानिक पाळू शकतो, नॉर्वे-स्वीडनमध्ये तो हक्क बहुतेक ठिकाणी सामींकडेच आहे. गाडीत बसा, मजा करा, पण ती सामी परंपरा म्हणून विकत असतील तर विचारा, कोण चालवतं.

आणि समीरभाऊ, तुम्ही अजाणता गेलात, तुमच्याबद्दल नाही, पण त्या पोशाखाबद्दल आणि त्या डफाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. पोशाखाचं नाव गाक्ती. त्याच्या कडा, पट्टे, टोपी यांवरून माणूस कुठल्या खोऱ्यातला, कुठल्या घराण्यातला हे ओळखू येतं. लग्नाला, बारशाला, मयताला तो घालतात. आणि ते ढोल धर्मोपदेशकांनी सतराव्या-अठराव्या शतकात जप्त केले, जाळले, बाळगणाऱ्यांवर खटले भरले. १६९२ मध्ये आन्देर्स पॉल्सेन नावाच्या म्हाताऱ्यावर उत्तर नॉर्वेत असा खटला चालला. त्याचा ढोल पुढे डेन्मार्कच्या संग्रहालयात राहिला आणि २०२२ मध्ये उत्तर नॉर्वेतल्या कारास्योकला, सामी मुलखात, परत आला. ज्या वस्तूपायी माणसं मेली ती भाड्याच्या पोशाखातल्या माणसाने पर्यटकांसाठी बडवायची, हे सामींना लागतं. फिनलंडच्या सामी संसदेने (सामींनी निवडून दिलेलं त्यांचं प्रतिनिधी मंडळ) २०१८ मध्ये पर्यटनासाठी आचारतत्त्वं ठरवली ती यासाठीच.

विनायक (गडचिरोली)

अनघाताई, फार आतून लिहिलंत. मी इकडे सामूहिक वनहक्कांच्या कामात आहे. आमच्या ग्रामसभांना २००६ च्या कायद्याने जंगलावर हक्क मिळाला, पण प्रत्येक दाव्यामागे कागदांचा डोंगर. सामींची जमीन कायद्याने कुणाची? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९ क्रमांकाचा आदिवासी करार भारताने मान्य केलेला नाही, आपण १९५८ मध्ये जुना १०७ मान्य करून तिथेच थांबलोय. तिकडच्या देशांचं काय? आणि संसद म्हणजे खरी सत्ता की सल्ला देण्यापुरती?

अनघा (किरुना)

विनायकदादा, १६९ मान्य करणारा जगातला पहिला देश नॉर्वे, १९९० मध्ये. स्वीडन आणि फिनलंड यांनी अजून केलेला नाही. श्रीमंत, लोकशाही, जगाला मानवी हक्क शिकवणारे देश, तरी नाही. कारण सरळ आहे : मान्य केला की जमिनीचा प्रश्न सोडवावा लागतो.

नॉर्वेही आपणहून शहाणा झालेला नाही. आल्ता नदीवर धरण बांधायचं ठरलं तेव्हा १९७९ मध्ये सामी तरुणांनी ओस्लोत संसदेसमोर तंबू ठोकून उपोषण केलं, पुढे हजाराच्या वर लोकांनी बांधकामाच्या जागी बसून रस्ता अडवला. धरण झालंच. पण देशाला लाज वाटली, आणि त्यातून १९८७ चा सामी कायदा, १९८८ मध्ये राज्यघटनेत कलम आणि १९८९ मध्ये कारास्योकला सामी संसद आली. २००५ च्या कायद्याने फिनमार्कची सुमारे ९५ टक्के जमीन सरकारच्या हातून एका स्थानिक संस्थेकडे गेली, तिच्या मंडळावर निम्मे सभासद सामी संसद नेमते. स्वीडनची सामी संसद १९९३ ची, आमच्याच गावात बसते. फिनलंडची १९९६ ची, इनारीत. सत्ता म्हणाल तर भाषा, शाळा, संस्कृती यांचा पैसा वाटणं आणि मत देणं. खाणीला नकार द्यायचा अधिकार तिघींपैकी एकीलाही नाही.

म्हणून माणसं कोर्टात जातात. आमच्याकडे गिर्यास गावाने आपल्या मुलखातल्या शिकार-मासेमारीच्या परवान्यांचा हक्क जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिळवला. नॉर्वेत फोसेनला १५१ पवनचक्क्या दक्षिणी सामींच्या हिवाळी कुरणात उभ्या केल्या. ११ ऑक्टोबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की परवाने अवैध, सामींच्या संस्कृतीच्या हक्काचा भंग झालाय. पाचशे दिवस उलटले, चक्क्या फिरतच राहिल्या, तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी तरुणांनी ओस्लोत मंत्रालयांची दारं अडवली. शेवटी सरकारने माफी मागितली आणि पुढे भरपाई, पर्यायी कुरणं अशा तडजोडी झाल्या. चक्क्या अजून तिथेच आहेत. निकाल आणि जमिनीवरची अंमलबजावणी यांतलं अंतर तुम्हाला सांगायला नको.

माझ्या घराशी हे कसं येऊन भिडतं तेही सांगते. जानेवारी २०२३ मध्ये सरकारी खाण कंपनीने किरुनाजवळ दुर्मिळ मूलद्रव्यांचा मोठा साठा असल्याचं जाहीर केलं. युरोपला विजेच्या गाड्यांसाठी, पवनचक्क्यांसाठी ती हवीत. साठा आहे तो गाबना या सामी गावाच्या मुलखात. त्यांच्या कळपांना हिवाळी आणि उन्हाळी कुरणांमध्ये जायला-यायला शहर, रेल्वे, रस्ता आणि जुनी खाण यांमधून एक चिंचोळी वाट उरलीये, आणि नवी खाण नेमकी तीच बंद करेल असं ते सांगतात. आमच्या घरी पगार खाणीतून येतो. तरी मी म्हणते की गाबनाच्या हरकतीचं उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नये, आणि हे मी इथे नवऱ्याच्या सहकाऱ्यांसमोरही म्हणते. वर हवामान आहेच. हिवाळ्यात मध्येच पाऊस पडतो, तो बर्फावर गोठतो आणि खालचं लायकेन काचेखाली अडकल्यासारखं होतं. जनावराला वास येतो, तोंड पोचत नाही. मग विकतचा चारा.

रशियाबद्दल कुणी विचारलं नाही, पण सोडवत नाही. कोलाच्या सामींना सोव्हिएत काळात गावं उठवून लोवोझेरोला आणलं, कळप सामूहिक शेतीत गेले, १९३७-३८ मध्ये कटाच्या खोट्या आरोपांखाली माणसं मारली. १९९२ मध्ये ते सामी परिषदेत, म्हणजे सगळ्या देशांतल्या सामी संघटनांच्या सामाईक मंडळात, आले तेव्हा पश्चिमेकडच्या नातेवाइकांशी पुन्हा भेटी सुरू झाल्या. २०२२ च्या युद्धानंतर तो संबंध परत तुटला. स्कोल्ट सामींचा तर पेत्सामो हा मुलूखच १९४४ मध्ये सोव्हिएत रशियाकडे गेला, ते लोक फिनलंडमध्ये सेवेत्तियार्वीला वसले. एकाच घराण्याची थडगी आता न ओलांडता येणाऱ्या सीमेपलीकडे आहेत.

मृणाल (पुणे)

अनघाताई, काल रात्री लेकीने तुमचे दोन्ही प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. वासरांच्या पाटीचा भाग दोनदा. टूरवाल्यांना फोन करून आम्ही ती दुपार आणि इग्लूची रात्र रद्द केली, त्याऐवजी इनारीला दोन दिवस जमतात का बघतोय. सासूबाई शाकाहारी आहेत. थंडी त्यांना झेपेल का? आणि लेकीला तिथून काहीतरी आणायचंय, गाक्ती नको हे तिला कळलंय.

अनघा (किरुना)

वा! इनारी रोवानिएमीपासून सव्वातीनशे किलोमीटर आहे, बस जाते. डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही, दुपारी थोडा वेळ निळसर उजेड असतो. बाहेरचं काय ते अकरा ते एकमध्ये बघून घ्या. बाकी वेळ ‘सीदा’ या सामी संग्रहालयासाठी ठेवा. हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०२१ मध्ये दोन हजारांवर सामी वस्तू तिथे परत दिल्या, आणि २०२४ चा युरोपातल्या सर्वोत्तम संग्रहालयाचा पुरस्कार याच संग्रहालयाला मिळाला. जवळच सामी संसदेची इमारत आहे, सायोस. लेकीला तिथे नक्की न्या, तिला संसद बघायचीच असेल.

सासूबाईंना लोकरीचे दोन थर आणि वर वारा अडवणारं जॅकेट, पायात एक माप मोठे बूट. घट्ट बुटात बोटं गोठतात. जेवण बहुतेक मांस-माशांचं, त्यामुळे थेपले, मेतकूट, इन्स्टंट उपमा बरोबर ठेवा. कॉफीत चीजचे तुकडे घालून देतील, ते त्यांना चालतं का ते आधी विचारा. कपाच्या तळाशी उरलेले तुकडे चमच्याने खायचे.

लेकीसाठी ‘सामी दुओज्जी’ अशी खूणचिठ्ठी असलेली वस्तू घ्या, ती सामी कारागिराच्या हातची असते. किंमत जास्त असेल. बर्चच्या लाकडाचा पेला परवडला नाही तर विणलेला छोटा पट्टा घ्या, आणि कुणी विणलाय ते दुकानात विचारा, नाव सांगतात. कुणाचे, विशेषतः मुलांचे, फोटो न विचारता काढू नका. प्रकल्पासाठी तिला काही विचारायचं असेल तर मला इथे निरोप पाठवा, मी माझ्या पाळीतल्या नर्सला विचारून तिच्याच शब्दांत उत्तर कळवेन. तिने हो म्हटलंय.